फ्रीमेसन व्हायचंय? आधी महिन्यातली एक संध्याकाळ मोकळी करा

फ्रीमेसन व्हायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी एकच गोष्ट विचारतो : महिन्यातली एक संध्याकाळ तुम्ही नेमाने मोकळी ठेवू शकता का? समोरचा जरा हिरमुसतो. त्याला गुप्त खुणा, तलवारी, जगाचा कारभार चालवणारे लोक असलं काहीतरी ऐकायचं असतं. पण लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या स्थानिक गटात, टिकतो कोण आणि दोन वर्षांत गळतो कोण, हे या एका प्रश्नावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

हा लेख मुंबई-पुण्याकडच्या मराठी माणसासाठी आहे. आत काय बोललं जातं, ओळख कशी पटवतात, हे मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं समजा. पण मुठीबाहेरही सांगण्यासारखं भरपूर आहे, आणि नवख्या माणसाला उपयोग त्याचाच होतो.

ही भानगड मुळात काय आहे

मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. युरोपात मोठमोठी चर्चं बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटना होत्या. पुढे त्यांत हातात छिन्नी न धरणारी मंडळी येऊ लागली. हत्यारं तीच राहिली, पण त्यांचा अर्थ बदलला. लंडनमधल्या चार लॉजनी 24 जून 1717 रोजी एका मद्यालयात जमून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली असं परंपरा सांगते. मद्यालयात, हे लक्षात ठेवा. जेवणाच्या टेबलाचा विषय पुढे येणार आहे.

हत्यारांचं म्हणाल तर आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला ती ओळखता येतील. गुण्या, ओळंबा, पाणसळ, हातोडा, छिन्नी. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे गवंडी एक डोळा मिटून बघतो, तसं आपलं वागणं ओळंब्यात आहे का ते बघायचं, इतकी साधी कल्पना आहे. पहिल्या डिग्रीत, म्हणजे सभासदाच्या पहिल्या पायरीवर, चोवीस इंचांची पट्टी भेटते. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास; ते काम, प्रार्थना, विश्रांती आणि दुसऱ्याला मदत यांत कसे वाटायचे, हा धडा. इंग्रजीत ऐकताना हे फार भारदस्त वाटतं. माझ्या मते ते मराठीत जास्त सरळ पोचतं, कारण गुण्या आणि ओळंबा हे शब्द आपल्याकडे अजून रोजच्या कामात आहेत.

लोक मात्र वर्षानुवर्षं लॉज भरतात त्या इमारतींना भूतबंगला किंवा जादूघर म्हणत आले. आठवड्यातले बरेच दिवस बंद असलेली वास्तू, संध्याकाळी काळ्या कपड्यांत येणारे पुरुष, दाराशी तलवार घेतलेला माणूस. आणखी काय म्हणणार?

मुंबईचा एक किस्सा मात्र ठाऊक असलेला बरा. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या युरोपियन लोकांच्या लॉजने घेतलं नाही, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले. मग स्कॉटिश परंपरेतले डॉ. जेम्स बर्न्स यांनी 1843 मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, खास भारतीयांना दार उघडावं म्हणून. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना मेसन होण्यासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं. 1872 मध्ये ‘अँकर अँड होप’ लॉजने त्यांना प्रवेश दिला. त्याच लॉजमध्ये 1884 मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. बंधुभावाच्या गप्पा मारणाऱ्या संस्थेला बंधुभाव शिकायला इतका वेळ लागला, हे आमच्यातले काहीजण सांगायचं टाळतात. मी नव्या माणसाला ते आधी सांगतो.

कुठल्या लॉजचं दार ठोठवायचं

ग्रँड लॉज ऑफ इंडिया 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत स्थापन झाली. तिच्या चार विभागीय ग्रँड लॉज आहेत आणि पश्चिम विभागाचा कारभार मुंबईहून चालतो. शिवाय इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश परंपरेच्या काही जुन्या लॉजही भारतात तशाच चालू राहिल्या आहेत. नव्या माणसाला यातला फरक पहिल्या वर्षी फारसा जाणवत नाही. रिच्युअलचे, म्हणजे विधीत म्हणायचे, शब्द थोडे वेगळे, कमरेला बांधायच्या एप्रनच्या कडेचा रंग वेगळा, इतकंच. एकमेकांकडे येणंजाणं असतं.

मुंबईत फोर्टमध्ये डी. सुखाडवाला मार्गावर फ्रीमेसन्स हॉल आहे, सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगा. पुण्यात कॅम्पात आहे. एका हॉलमध्ये अनेक लॉज आपापल्या ठरलेल्या दिवशी भरतात. त्यामुळे ‘मुंबईची लॉज’ असं काही नसतं. लॉज म्हणजे इमारत नव्हे, माणसांचा गट.

निवडताना नाव किंवा जुनेपणा बघू नका. तीन गोष्टी विचारा. मीटिंग कोणत्या वारी असते? रात्री किती वाजता सुटते? आणि साधारण किती जण नियमित येतात? कल्याण-बदलापूरला राहणाऱ्या माणसाने महिन्याच्या मधल्या बुधवारी फोर्टात रात्री साडेदहाला सुटणारी लॉज धरली, तर तिसऱ्या महिन्यापासून त्याची कारणं सुरू होतात. वर्षाची वर्गणी आणि प्रवेश फी लॉजगणिक वेगळी असते. ती पहिल्याच भेटीत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, उलट विचारलं नाही तर आम्हालाच काळजी वाटते. पोराच्या फीचे पैसे वळवून कुणी लॉजची वर्गणी भरू नये, हे आमच्याकडे स्पष्ट सांगितलं जातं.

ओळखीतलं कुणी मेसन असेल तर त्याला विचारा. नसेल तर हॉलच्या ऑफिसात जा किंवा ग्रँड लॉजच्या अधिकृत पत्त्यावर लिहा. एक इशारा मात्र नीट वाचा. व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर ‘इल्युमिनाटीत या, श्रीमंत व्हा, रजिस्ट्रेशनचे अमुक पैसे पाठवा’ असा मेसेज आला तर तो चोराचा आहे. कुठलीही खरी लॉज अनोळखी माणसाकडून मोबाइलवर पैसे मागवून सभासद करत नाही, आणि श्रीमंत तर मुळीच करत नाही.

कोणाला प्रवेश, कोणाला नाही

वयाची एकवीस वर्षं पूर्ण असलेला, चांगल्या वर्तणुकीचा आणि ईश्वर मानणारा पुरुष. ईश्वर कोणता, हे कुणी विचारत नाही. म्हणूनच भारतातल्या लॉजमध्ये गीता, बायबल, कुराण, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी दिसतात आणि प्रत्येकजण आपल्या ग्रंथावर शपथ घेतो. पूर्ण नास्तिक माणसाला मात्र इथे खोटं बोलावं लागेल. त्याने येऊ नये. माझे दोन चांगले मित्र याच कारणाने आले नाहीत आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे.

बायकांना या लॉजमध्ये सभासदत्व नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी चळवळ आहे, ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली. पण आमच्या लॉजचे तिच्याशी संबंध नाहीत. हे बरोबर की चूक, यावर माझं आणि माझ्या मुलीचं अजून भांडण चालू आहे.

वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट : पोपने 1738 मध्ये मेसन होण्यावर पहिली बंदी घातली. ती आजही लागू आहे आणि नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने पुन्हा तसं स्पष्ट केलं. लॉजची कॅथलिकांना हरकत नाही, चर्चची आहे. निर्णय तुमचा, पण तो माहिती असताना घ्या.

अर्ज, घरची भेट, बॅलट

तुमच्या अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागतात, एक नाव सुचवणारा आणि एक अनुमोदन देणारा. आमच्याकडे कुणी ‘ये रे’ म्हणून गळ घालत नाही. मागायचं तुम्ही. त्यामुळे ‘मला कुणी बोलावलंच नाही’ म्हणून वाट बघत बसलेली माणसं आयुष्यभर वाट बघतात.

मग दोन-तीन जण भेटायला येतात, शक्यतो घरी. ही परीक्षा नसते. चहा होतो, पोहे होतात, गप्पा होतात. पण त्यांचे कान एका गोष्टीकडे असतात : घरच्यांना हे माहीत आहे का, पटतंय का? माझ्या वेळी आलेल्या पारशी गृहस्थांनी मला दोन प्रश्न विचारले आणि बायकोला आठ. महिन्यातून एकदा हा उशिरा येईल, चालेल ना? पैशांची ओढाताण नाही ना? तुम्हाला काही भीती वाटते का? ती म्हणाली, भीती नाही, फक्त हा तिथे नेमकं काय करतो ते सांगत जा म्हणावं. ते हसून म्हणाले, जेवणात काय होतं ते तर नक्की सांगेल.

धंद्यात ओळखी वाढाव्यात म्हणून यायचं असेल तर इथेच स्वतःला थांबवा. फॉर्ममध्येच तुम्हाला लिहून द्यावं लागतं की आपण लाभाच्या आशेने येत नाही. लॉजमध्ये व्हिजिटिंग कार्ड वाटणाऱ्याकडे कुणी रागावून बघत नाही, पण पुढच्या मीटिंगला त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

शेवटी गुप्त मतदान. पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या एका पेटीत पडतात. नियमात ठरलेल्या संख्येइतक्या काळ्या निघाल्या तर प्रवेश नाही आणि कारणही सांगितलं जात नाही. अर्जापासून इथवर यायला काही महिने सहज जातात.

पहिली रात्र

गडद सूट, पांढरा शर्ट, काळा टाय. बंदगळा चालेल का ते सेक्रेटरीला विचारा. घड्याळ, अंगठी, पाकीट यांबद्दल तुम्हाला तिथे काही सूचना मिळतील, त्या निमूट पाळा. दुपारी नीट जेवा, कारण रात्रीचं जेवण उशिरा असतं आणि पोटात कावळे ओरडत असताना गंभीर राहणं कठीण.

आणि इंटरनेटवर आधी वाचून येऊ नका. सगळं तिथे आहे, मला माहीत आहे. पण तो एक छोटा नाट्यप्रवेश आहे आणि त्यातलं मुख्य पात्र तुम्ही आहात. शेवट वाचून आलेल्या नटाला त्यातली मजा उरत नाही. तुमच्या अंगाखांद्याला, मानाला कुठे धक्का लागणार नाही, एवढी खात्री मी देतो.

त्या रात्रीनंतर तुम्ही ‘एंटर्ड ॲप्रेंटिस’. पुढे ‘फेलो क्राफ्ट’, मग ‘मास्टर मेसन’. इंग्लिश नियमांप्रमाणे दोन डिग्र्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. प्रत्यक्षात वर्ष लागलं तरी बिघडत नाही. घाईने तीन डिग्र्या उरकलेला माणूस मला पहिल्या डिग्रीबद्दल दोन वाक्यंसुद्धा सांगू शकलेला नाही.

मीटिंगमध्ये चालतं काय

आधी समन्स येतं, म्हणजे छापील किंवा ईमेलवरची कार्यक्रमपत्रिका. दाराबाहेर टायलर, म्हणजे पहारेकरी, उभा असतो, हातात तलवार घेऊन. ती कुणावर चालवायची नसते. आत पूर्वेला वर्शिपफुल मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, आणि त्याचे दोन सहायक : समोर पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. मास्टर दर वर्षी बदलतो आणि नव्या मास्टरच्या इन्स्टॉलेशनचा, म्हणजे पदग्रहणाचा, दिवस हा लॉजचा मोठा सण.

मग मागच्या सभेचं इतिवृत्त, पत्रं, हिशेब, आजारी सभासदांची विचारपूस. हाउसिंग सोसायटीची सभा पाहिली असेल तर निम्मं ओळखीचं वाटेल, फक्त इथे भांडण नसतं. त्याचं श्रेय एका नियमाला आहे : लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर चर्चा नाही. निवडणुकीच्या महिन्यात या नियमाची किंमत कळते. त्यानंतर कुणाची डिग्री असेल तर ती, नाहीतर एखादं व्याख्यान. दानासाठी झोळी किंवा पेटी फिरते. कुणी किती टाकलं हे कुणी बघत नाही.

नव्या माणसाचं काम पहिलं वर्षभर फक्त बघायचं. आणि नावं पाठ करायची. प्रत्येकाला ‘ब्रदर’ म्हणायचं असतं, मग तो सत्तर वर्षांचा निवृत्त न्यायाधीश असो की तुमच्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा. मराठी माणसाची जीभ सुरुवातीला ‘साहेब’ कडे वळते. दोन-तीन महिन्यांत सवय होते.

पाठांतर

रिच्युअल कागदावरून वाचत नाहीत, पाठ म्हणतात. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. तुमच्याकडे एखादं लहान पद आलं की परिच्छेदच्या परिच्छेद डोक्यात बसवावे लागतात, तेही अठराव्या शतकाच्या थाटातल्या इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी घाबरू नये. रामरक्षा, अथर्वशीर्ष, पाढे घोकून मोठी झालेली पिढी आहे आपली. मला तर कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा हे सोपं गेलं.

मी ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये पुटपुटत पाठ करायचो. मुलुंडला रोज चढणारे एक काका काही दिवस बघत होते. एकदा त्यांनी हळूच विचारलं, ‘कुठल्या गुरूंचा मंत्र आहे?’ मी म्हटलं, गवंड्यांचा. त्यानंतर ते माझ्या शेजारी बसले नाहीत.

पाठांतर एकट्याने होत नाही. त्यासाठी रंगीत तालमी असतात आणि खरी मैत्री तिथे जमते. अडखळलात तर शेजारचा हळूच शब्द पुरवतो. त्या क्षणी तो माणूस कितीही अनोळखी असला तरी आपला वाटतो. माझा सल्ला : पहिल्याच वर्षी स्ट्युअर्डसारखं छोटं काम मागून घ्या. वाढपी होणं हे लॉजमध्ये शिरण्याचं सगळ्यात चांगलं दार आहे.

जेवणाचं टेबल

मीटिंग संपली की फेस्टिव बोर्ड. स्कॉटिश लॉजमध्ये याला हार्मनी म्हणतात. माझ्या मते अर्धी फ्रीमेसनरी इथे आहे, आणि ज्यांना शेवटची लोकल गाठायची म्हणून मीटिंग संपताच पळ काढावा लागतो त्यांना अर्धीच मिळते.

टेबलावर शिस्त असते, पण मोकळी. ठरावीक टोस्ट होतात, मान्यवरांच्या नावाने, पाहुण्यांच्या नावाने, नव्या सभासदाच्या नावाने. टोस्टनंतर सगळे मिळून ठेक्यात टाळ्या किंवा पेल्यांचा गजर करतात. पहिल्यांदा शेजाऱ्याकडे बघून करा, चुकलात तर हसून सोडून देतात. पेल्यात काय असावं याचा नियम नाही. मी स्वतः लिंबू सरबतावर अनेक टोस्ट काढलेत आणि कुणी भुवई उंचावलेली नाही. शाकाहारी, जैन जेवण आधी सांगितलं तर मिळतं. एका टेबलावर धानसाक, शेजारी जैन थाळी आणि कुणाचा तरी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, हे दृश्य मी पाहिलंय.

नव्या सभासदाला पहिल्या रात्री दोन शब्द बोलायला लावतात. तीन मिनिटांत संपवा. आलात का, काय वाटलं, आभार. आयुष्याचा प्रवास नको.

शेवटचा टोस्ट टायलरचा असतो. जगात जिथे कुठे मेसन संकटात, हालअपेष्टांत असतील त्यांना लवकर सुटका मिळो आणि ज्यांना घरी जायची ओढ आहे त्यांना सुखरूप घरी पोचता येवो, असा त्याचा आशय. दिवसभर ऑफिसात खपून आलेली, जेवून सुस्तावलेली चाळीस माणसं त्या वेळी एकदम गप्प होतात. तो झाल्याशिवाय उठू नका.

उरलेले एकोणतीस दिवस

लॉजमध्ये अल्मोनर नावाचा एक अधिकारी असतो. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाची विधवा एकटी आहे, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. नवे लोक मास्टरच्या खुर्चीकडे डोळे लावतात. मी म्हणेन अल्मोनरच्या मागे मागे राहा. त्याच्याबरोबर हॉस्पिटलात रात्री थांबायला जा, बँकेचे फॉर्म भरून द्यायला जा. मदत गाजावाजा न करता द्यायची असते, म्हणून तिचे फोटो कुठे दिसत नाहीत.

बाहेरच्यांसाठीही कामं चालतात : रक्तदान, दवाखाने, शिष्यवृत्त्या, शाळांना मदत. दर 24 नोव्हेंबरला, ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या स्थापनादिनी, विश्वबंधुत्व दिवस पाळतात. सभासद व्हायचं की नाही हे ठरलं नसेल तर त्या सुमारास हॉलमध्ये चौकशी करा. बाहेरच्या लोकांना इमारत आतून दाखवण्याचे कार्यक्रम होतात. घरच्यांना घेऊन जा. काळी-पांढरी फरशी आणि खुर्च्या पाहिल्या की भूतबंगल्यातलं भूत बरंचसं उतरतं. वर्षातून एखादा कार्यक्रम कुटुंबांसाठी असतोच.

मास्टर मेसन झालात की दुसऱ्या लॉजना भेट देता येते, परगावीसुद्धा. सर्टिफिकेट आणि वर्गणी भरल्याचा पुरावा जवळ ठेवा आणि आधी तिथल्या सेक्रेटरीला कळवा. त्यांची लॉज तुमच्या ग्रँड लॉजने मान्य केलेली आहे ना, हे निघण्यापूर्वी आपल्या सेक्रेटरीकडून खात्री करून घ्या. बदलीच्या नोकरीत हे फार उपयोगी पडतं. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावणारे चार लोक मिळतात.

आणि कधी यायला जमणारच नसेल, तर ते कळवायची रीत पाळा. समन्सवर दिलेल्या तारखेपर्यंत सेक्रेटरीला फोन करायचा, कारण एका ओळीत सांगायचं आणि जेवणाचं पान रद्द करायला सांगायचं. केटरर पानांचा हिशेब आदल्या दिवशी घेतो. न कळवता गैरहजर राहिलात तर तुमच्या पानाचे पैसे लॉज भरते, आणि त्या रात्री रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेला माणूस दर पंधरा मिनिटांनी दाराकडे बघतो.